संडे स्कूलच्या बारक्या पोरांना शिकवायच्या आधी प्रार्थना कशी करायची

नवीन टीचर मंडळींचं साधारण असं असतं की शनिवारी रात्री जेवणं आवरली, भांडी झाली की अकराच्या सुमारास पुस्तक उघडायचं, धडा वाचायचा, यूट्यूबवर एखादं अॅक्शन साँग शोधायचं आणि झोपताना "देवबापा, उद्याचा वर्ग तुझ्या हातात" असं म्हणून लाइट बंद करायचा. ही प्रार्थना वाईट नाही हो, पण ही सोपवायची प्रार्थना झाली, विचारायची नाही. विचारायचं असेल तर उत्तर आल्यावर काही बदलायला वेळ पण हातात पाहिजे ना, आणि शनिवारी रात्री अकराला काय बदलणार, चार्टपेपरचं दुकान सुद्धा बंद झालेलं असतं. म्हणून सगळ्यात आधी हे, की प्रार्थना तयारीच्या आधी करायची. तयारीच्या ऐवजी तर कधीच नाही, "मी प्रार्थना केलीये, प्रभू तोंडात शब्द घालेल" असं म्हणून हात हलवत वर्गात येणारे टीचर मी पाहिलेत आणि दहाव्या मिनिटाला त्यांची पोरं सतरंजीखाली असतात.

हे मी चार ते आठ वयाच्या वर्गाबद्दल लिहितेय, काही चर्चमध्ये बालवर्ग म्हणतात काही ठिकाणी बिगिनर्स. कॅथलिक घरांतल्या धर्मशिक्षणाच्या टीचरना पण यातलं बरंच उपयोगी पडेल, पवित्र आत्म्याला बोलावून सुरुवात करायची पद्धत त्यांच्याकडे आहेच, आणि अंगणवाडी-बालवाडीतल्या मैत्रिणींनी आपापल्या देवाजवळ हेच मागितलं तर उत्तमच.

आता मागायचं काय. शास्त्रात म्हणजे बायबलमध्ये याचा अगदी जवळचा नमुना आहे पण तो कोणाच्या लक्षात राहत नाही कारण सगळे त्या केसांत ताकद असलेल्या शमशोनाच्या केसांपाशीच थांबतात. शमशोनाचा बाप मानोहा, शास्ते १३:८ काढून बघा. बायकोला देवदूत सांगून गेला की मुलगा होणार, तर हा माणूस प्रार्थना काय करतो, की तो देवाचा माणूस परत येऊ दे आणि जन्माला येणाऱ्या मुलाचं आम्ही काय करायचं ते आम्हाला शिकवू दे. पोर अजून जन्मलं पण नाही आणि बाप शिकायला बसलाय! पुढे १२ व्या वचनात परत विचारतो की त्या पोराने कसं वागावं, त्याचं काम काय असेल. म्हणजे आशीर्वाद दे, सांभाळ, असं मोघम काही नाही, सरळ प्रश्न. तसंच विचारायचं. याकोबाच्या पत्रातलं १:५ सगळ्यांना माहीत आहे, ज्ञान कमी पडत असेल तर देवाजवळ मागा, तो न रागावता भरभरून देतो, ते फ्रीजवर लावून ठेवा, पण त्याच पत्रातलं ३:१ पण शेजारी लावा जिथे म्हटलंय की फार जणांनी शिक्षक व्हायला धावू नये कारण आपला न्याय जास्त कडक होणार आहे. दोन्ही एकत्र वाचले की माणूस जरा जमिनीवर राहतो.

सोमवारी सुरू करा. रविवारी दुपारी झोप काढा, तेवढा हक्क आहे. सोमवारी टीचरचं गाइडबुक कपाटात, फक्त शास्त्राचा उतारा वाचायचा, मोठ्याने, सावकाश, दोन-तीनदा. मोठ्याने का तर बारक्या पोरांना ते कानानेच मिळणार आहे, आणि जिथे आपली जीभ अडखळते तिथे त्यांचा कान अडखळणार हे तेव्हाच कळतं.

आणि एक वही करा. साधी शंभर पानी, प्रत्येक पोराला एक पान. नाव, घरी काय हाक मारतात, आपल्या नाशिकमध्ये कुठून येतं, सातपूर का सिडको का देवळाली कॅम्प, घरात कोण कोण, कशाने हसतं, कशाला घाबरतं, मागच्या महिन्यात दात पडला का, भाऊ झाला का, आजी गेली का. (ही वही घरी ठेवायची, वर्गात आणायची नाही, दुसऱ्यांच्या घरातल्या गोष्टी असतात त्यात.) रोज दोन-तीन नावं प्रार्थनेत घ्यायची, त्यासाठी वेगळं गुडघे टेकून बसायलाच पाहिजे असं काही नाही, सिटीलिंक बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली की तिथे घ्या, पिठलं हाटताना घ्या. पण नावाने घ्या. "सगळ्या लेकरांना आशीर्वाद दे" यात एकही लेकरू नसतं.

नावाने का म्हणतेय ते सांगते. आपल्याच नाशिकच्या शरणपूरची गोष्ट आहे, सीएमएस म्हणजे चर्च मिशनरी सोसायटी या इंग्रज मिशनने १८५४ मध्ये ही वस्ती वसवली, पुढे गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन पोरं इथे आणून शिकवली. त्यातला एक जेकब वेनराइट. १८७३ साली आफ्रिकेत फिरणारा मिशनरी-शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन वारला तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना या नाशिकच्या विद्यार्थ्याने वाचली, झाडावर नाव-तारीख पण त्यानेच कोरली, मग ते शव किनाऱ्यापर्यंत पायी नेणाऱ्यांत तो होता आणि १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर अॅबेमध्ये शवपेटीबरोबरही तोच. शरणपूरच्या वर्गात त्याला धडा वाचायला लावणाऱ्या मास्तरांना यातलं काही स्वप्नात तरी दिसलं असेल का? आपल्या सतरंजीवर नाकातून शेंबूड गळत बसलेलं पोर पुढे कुठे जाऊन काय वाचणार आहे आपल्याला ठाऊक नाही, म्हणून त्याचं नाव घेऊन विचारायचं.

आता एक धडा घेऊन दाखवते. समजा येत्या रविवारी जक्कय आहे, लूक १९:१ ते १०. आपल्याला गोष्ट तोंडपाठ, यरीहो, जकातदारांचा मुख्य, पैसेवाला, ठेंगणा, गर्दीमुळे दिसेना म्हणून पुढे पळत जाऊन उंबरावर चढला, येशूने वर बघून नावाने हाक मारली, त्याच्या घरी गेला, मग अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवून घेतलेलं चौपट परत. मोठ्या माणसांना यातलं चौपट फार आवडतं, आपण लगेच प्रामाणिकपणावर धडा बसवायला घेतो. थांबा जरा. आधी देवाला साधं म्हणा, "देवबापा, ही गोष्ट मला माहीत आहे असं वाटतं म्हणून मी ती नीट ऐकत नाही, आज ऐकव. या पोरांना यातलं काय द्यायचंय आणि यातलं काय त्यांना टोचेल ते दाखव." एवढंच. मग वही उघडायची आणि एकेका पानाशी थांबून उतारा परत डोळ्याखालून घालायचा.

असं केलं की काय होतं बघा. वहीत एक पान असतं त्या पोराचं ज्याला बाकीचे बुटक्या म्हणतात. आणि जक्कयचं नाटक करताना आपण दरवर्षी काय करतो, वर्गातल्या सगळ्यात बुटक्या पोरालाच जक्कय करतो, खुर्चीवर चढवतो, सगळे हसतात, फोटो छान येतो. त्या पानाशी थांबलात तर हे टोचतं. मग मार्ग पण सुचतो, टीचरनेच जक्कय व्हायचं, गुडघ्यावर बसून, आणि पोरांनी उंच गर्दी व्हायचं, टीचरला काही दिसत नाहीये यात पोरांना जी मजा येते ती वेगळीच. किंवा सगळ्यांना आळीपाळीने उंबरावर चढवायचं. आणि अजून एक, ते पोर नेहमी मागच्या रांगेत बसतं आणि त्याला चित्रं दिसतच नाहीत हे पण याच वेळी लक्षात येतं, म्हणजे गोष्ट जक्कयची सांगायची आणि वर्गातल्या जक्कयला गर्दीच्या मागे ठेवायचं असं चाललेलं असतं आपलं. बसायची जागा बदलणं हे त्या आठवड्याचं मार्गदर्शन. चौपट-बिवपट राहू दे, पाच वर्षांच्या पोराला चौपट कळत नाही, नावाने हाक मारली हे कळतं.

मार्गदर्शन म्हणजे आकाशवाणी होईल अशी वाट बघत बसू नका. माझ्या अनुभवात ते बहुतेक वेळा अशाच रूपात येतं, एखादं पोर आठवतं, काहीतरी गाळावंसं वाटतं, एखादा शब्द बदलावासा वाटतो, नाहीतर कोणाच्या तरी आईला फोन करावासा वाटतो. नवीन भारी कल्पना सुचणं हे क्वचित, आणि सुचली तर मी जरा संशयानेच बघते कारण भारी कल्पनेत टीचर भारी दिसायची हौस हमखास असते.

विचारून झालं की गप्प बसायचं. पाच मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत. पाचातली साडेचार मिनिटं गॅस सिलेंडर, बँकेचा हप्ता आणि जावेचं बोलणं आठवेल, ते कागदावर लिहून टाका म्हणजे डोक्यातून जातं, आणि परत उताऱ्यावर या. काहीच आलं नाही तर काहीच आलं नाही, उद्या परत बसा. देवळात एलीपाशी राहणाऱ्या लहानग्या शमुवेलाला देवाने हाक मारली तेव्हा तीनदा तो उठून एलीकडेच धावला, आणि देव हाक मारतोय हे एलीसारख्या म्हाताऱ्या याजकाला सुद्धा तिसऱ्या खेपेला कळलं (१ शमुवेल ३). आठवडाभर बसूनही वेगळं काही आलं नाही तर गाइडबुकमधला धडा आहे तसा घ्या, तो पण कोणीतरी प्रार्थना करूनच लिहिलेला असतो, त्यात कमीपणा काय.

जे सुचलं ते देवाकडचं का आपल्याच डोक्यातलं हा प्रश्न सगळे विचारतात आणि त्यावर मशीन नाहीये. मी चार ठिकाणी घासून बघते. शास्त्राच्या एकूण बोलण्याशी जुळतंय का, एखादं वचन तोडून काढलेलं नाही ना. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना पण तेच बरोबर वाटतंय का. बरोबरच्या टीचरला सांगितलं तर ती काय म्हणते, ती कपाळाला आठ्या घालत असेल तर थांबायचं. आणि हे मला पोरांच्या आईबापांसमोर उघडपणे सांगता येईल का. या शेवटच्यात अडकलं तर ते मार्गदर्शन नाहीच, विषय संपला.

आणि कृपा करून पोरांना "देवाने मला सांगितलंय की तू..." असं वाक्य कधीच टाकू नका. सहा वर्षांच्या पोराला टीचरचा आवाज आणि देवाचा आवाज वेगळा काढता येत नाही. तसंच "डोळे मिट नाहीतर येशूबाबा रागावेल" हे पण बंद. आपल्या प्रार्थनेतून आपल्याला शहाणपण मिळायला पाहिजे, पोरांना धाक नाही.

बुधवार-गुरुवारकडे गाइडबुक उघडा आणि आता प्रार्थना कात्री हातात घेऊन करायची. बारकी पोरं गोष्ट सात-आठ मिनिटं नीट ऐकतात, त्यापुढे चुळबूळ. म्हणून विचारायचं की यातलं काय काढू. एकच मुद्दा, एक छोटं वचन, एक हाताने करायचं काम. शब्द पण तपासायचे, ही पोरं सगळं शब्दशः घेतात. "येशू तुझ्या हृदयात राहतो" म्हटलं की विचारतात, मग तो श्वास कसा घेतो, मी पाणी प्यायलो की भिजतो का. हसू येतं पण त्यांचा प्रश्न बरोबर असतो, म्हणून त्याऐवजी येशूचं तुझ्यावर प्रेम आहे, तो तुझ्या सोबत असतो असं सरळ म्हणा.

भीतीच्या गोष्टींना तर डबल प्रार्थना. नोहाचा पूर सांगताना नाशिकच्या पोरांना पूर शिकवावा लागत नाही, पावसाळ्यात गंगेचं म्हणजे गोदावरीचं पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आलं, कमरेला का छातीला, हे घरोघरी बोललं जातं, व्हिडिओ फिरतात, त्यामुळे "एवढं पाणी" म्हणताना तीच खूण वापरली की पोरांना लगेच कळतं. पण वहीत बघा, एखादं पोर नदीकाठच्या वस्तीतलं असेल, त्याच्या घरात पाणी शिरलेलं असेल, सामान उचलून रात्री मावशीकडे जावं लागलं असेल. त्याच्यासमोर बुडणारी माणसं हात हलवून दाखवायची नाहीत. तारवात कोण कोण होतं, आत किती आवाज येत असेल, शेवटी कबुतर जैतुनाचं पान घेऊन आलं आणि मग इंद्रधनुष्य, यावर थांबा. शास्त्र बदलत नाही आपण, कुठे जास्त थांबायचं एवढंच ठरवतो.

शनिवारी फक्त सामान भरायचं, क्रेयॉन, कात्र्या, खाऊ, ओले रुमाल, आणि सोपवायची प्रार्थना आता करा, आता तिची वेळ आहे. आणि लवकर झोपा. झोप न झालेल्या टीचरने कितीही प्रार्थना केली तरी ती पोरांवर खेकसतेच.

रविवारी वीस मिनिटं आधी पोचा, शरणपूर रोडला सकाळी गाड्या कमी असल्या तरी अर्धं नाशिक मिसळीला निघालेलं असतं तेव्हा त्या भरवशावर राहू नका. सतरंजी टाकून झाली की ज्या ज्या जागी पोरं बसतात तिथे उभं राहून त्या त्या पोराचं नाव घ्या, जोरात म्हणायची गरज नाही. मग बरोबरच्या टीचरसोबत दोन मिनिटं, त्यात एकमेकींना सांगायचं की आज कोणाकडे लक्ष ठेवायचंय. वर्गात कायम दोन मोठी माणसं असावीत, एकटीने पोरांना घेऊन दार लावून बसायचं नाही, हा नियम प्रार्थनेइतकाच पक्का ठेवा.

वर्ग चालू असताना डोळे मिटून बसायला कोणाला वेळ आहे, तिथे बायबलमधला नहेम्या उपयोगी पडतो, राजाला द्राक्षारस देणारा चाकर. राजाने विचारलं काय पाहिजे तुला, तर उत्तर द्यायच्या आधी त्याने तिथल्या तिथे स्वर्गातल्या देवाची प्रार्थना केली, नहेम्या २:४, राजाला कळलं पण नसेल. पण त्याच्या आधीचा अध्याय वाचा, हा माणूस महिनोन् महिने रडून उपास करून प्रार्थना करत होता, किसलेव महिन्यापासून नीसानपर्यंत, म्हणून ती एका श्वासाची प्रार्थना कामाला आली. वर्गात एखादं पोर विचारतं "माझा कुत्रा मेला तो स्वर्गात गेला का", तेव्हा "प्रभू, काय बोलू" एवढं मनात म्हणायचं आणि एक श्वास थांबायचं. बहुतेक वेळा कळतं की आत्ता उत्तर नकोय, आधी विचारायचं "काय नाव होतं त्याचं?" मग ते पोर पाच मिनिटं मोत्याबद्दल बोलतं आणि धडा राहतो, राहू दे. आणि स्वर्गाचं जे आपल्याला ठाऊक नाही ते ठाऊक नाही असं सांगावं, देवाला तुझा मोत्या माहीत आहे एवढं नक्की म्हणता येतं.

पोरांसोबतची प्रार्थना एका ओळीची ठेवा. ज्याला करायचीये त्याला करू द्या, ढकलू नका, आणि कोणी "देवा पिझ्झासाठी थँक्यू" म्हटलं तर सुधारायला जाऊ नका.

एक गोष्ट गंभीरपणे. कधी एखादं पोर असं काही सांगतं की घरात किंवा बाहेर त्याला कोणी मारतंय, नको तिथे हात लावतंय. तेव्हा "आपण यासाठी प्रार्थना करू" म्हणून वहीत लिहून ठेवायचं नाही. शांतपणे ऐकायचं, खोदून खोदून विचारायचं नाही, कोणाला सांगणार नाही असं वचन द्यायचं नाही, आणि त्याच दिवशी चर्चमधल्या जबाबदार माणसाला सांगायचं, १०९८ चाइल्डलाइनला फोन करायचा, तो नंबर फुकट आहे आणि चोवीस तास चालू असतो. जबाबदार माणूस "आपल्या आपल्यात मिटवू" म्हणाला तरी फोन करायचा. प्रार्थना फोन लावता लावता करता येते.

वर्ग सुटला की घरी जाऊन वहीत दोन-दोन ओळी टाका, कोण आलं नाही, कोण रडलं, कुठल्या वाक्याला सगळे गप्प झाले, कुठे पार फसलं. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा असते त्या रविवारी निम्मी पोरं पाहुण्यांमुळे गायब असतात, तेव्हा हजेरी बघून निराश होऊ नका. जे आले नाहीत त्यांच्या घरी संध्याकाळी फोन लावा, "का आला नाहीस" असं नाही विचारायचं, "आज तुझी आठवण आली, गोष्ट जक्कयची होती" असं सांगायचं आणि फोन पोराच्याच हातात द्यायला सांगायचं. पुढचा धडा दहा कुष्ठरोग्यांचा असेल तर तो लूक १७:११ ते १९ आहे, नऊ वचनं, सोमवारी सकाळी कुकर लावून झाला की एकदा मोठ्याने वाचून घ्या.